‘ज्ञ’ हातात राहिला

रावेरच्या जीवरामआबांनी सुनेशी, ज्योत्स्नाशी, पैज लावली. अक्षरांचे ठोकळे जुळवून शब्द करायच्या खेळात जो हरेल, त्याने रविवारी घराला शेवभाजी करून घालायची. आबांनी जन्मात चहासुद्धा केला नव्हता.

तिसरी चाल. आबांना ‘ज्ञ’ मिळाला, सगळ्यांत जास्त गुणांचा ठोकळा. ‘यज्ञ’ सहज होत होता, पण आबांनी तो दाबून ठेवला. मोठा शब्द जमला की टाकू!

सातवी चाल. ज्योत्स्ना आपली ‘घर’, ‘वात’, ‘मका’ लावत सुटली होती.

“आबा, काय अडवून बसलाय?”

“तू तुझं खेळ.”

आठवी चाल... आबांची आलीच नाही. ज्योत्स्नाचे ठोकळे संपले, डाव मिटला, आणि नियमाप्रमाणे हातातल्या ‘ज्ञ’चे गुण आबांचेच वजा झाले. तेवढ्यानेच ते हरले.

“भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात ते आम्ही माहेरचे एरंडोलवाले,” ज्योत्स्ना हसली. “तुम्ही तर केळीवाले, आबा! घड तयार झाला की थांबता का कधी?”

आबांना ते पटलं. रविवारी त्यांनी कशालाच थांबायचं नाही असं ठरवलं आणि रस्सा उकळायच्या आतच सगळी शेव पातेल्यात ओतली.

ज्योत्स्नाने लगद्यात डाव फिरवला. “आबा, इथं थांबायचं होतं!”