ब्लूगिलची राखण

सोमवारी कॉरिनला स्प्रिंगफील्डच्या नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. नवरा रॉइस ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. सहा वर्षांच्या टिलीला उन्हाळाभर सासऱ्याकडे, हार्लनकडे, ठेवायचं की नाही, हे आजच्या आज ठरवायला हवं होतं. रॉइसला ज्या माणसानं इतका कोरडा घडवला त्याच्याच हाती पोर द्यायची, या विचारानं तिची झोप उडाली होती. म्हणून ती हार्लनच्या तळ्यावर खुर्ची टाकून बसली. डोळ्यांत तेल घालून.

येण्याआधी तिनं अटी घातल्या होत्या. टिलीला टोपी नि गॉगल. गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून सपाट करायचा. आणि धरलेला मासा परत सोडायचा, मारायचा नाही. हार्लननं सगळ्याला निमूट मान डोलावली होती. तेव्हाच तिला खटकायला हवं होतं.

मे संपत आला होता. काठालगतच्या उथळ पाण्यात ब्लूगिल माशांनी वाळू झाडून ताटाएवढे खळगे केले होते. प्रत्येकावर एकेक नर पर हलवत उभा. हे काय करतायत, टिलीनं विचारलं.

"अंड्यांची राखण," हार्लन म्हणाला. "आई अंडी घालते नि चालू लागते. पुढचं बाप बघतो."

हे म्हणताना त्यानं सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

शिकवायला मात्र तो फार चांगला होता. गळाची दोरी मागे जाऊ दे, तिकडे पूर्ण सरळ होऊ दे, मगच पुढे, असं टिलीचं मनगट धरून हळूहळू सांगत राहिला. चौथ्या-पाचव्या खेपेला गळाला बांधलेली रबरी पायांची खोटी काळी माशी एका खळग्यावर अलगद उतरली. नर तिच्यावर तुटून पडला. टिली किंचाळत, हसत मागे सरकली, आणि तळहाताएवढा, नारिंगी पोटाचा मासा काठावर आला.

कॉरिन धावलीच. हात ओले करून तिनं मासा घेतला, गळ सोडवला. कुठं तरी वाचलं होतं, दमलेला मासा तसाच टाकला तर मरतो. त्याला पाण्यात धरायचं, पुढं-मागं करायचं, स्वतःहून जोर करेपर्यंत सोडायचं नाही. तिनं तसंच केलं. सोडावासा वाटला की शंका यायची, परत धरायची. हार्लन शेजारी बघत उभा होता. एकदा तर म्हणाला, "सावकाश होऊ दे."

शेवटी मासा सुळकन निसटला. कॉरिननं सुटकेचा निःश्वास टाकला.

"तुझ्या आईनं छान जपलं त्याला," हार्लन नातीला म्हणाला. "आता तिकडे बघ."

त्याच्या खळग्यात बारक्या माशांची झुंड घुसली होती. टिलीनं दगड मारून त्यांना पळवलं, पण खाली एकही अंडं उरलं नव्हतं, नुसती वाळू होती. नर परत आला, जागेवर उभा राहिला नि पर हलवू लागला.

"तुम्हाला माहीत होतं," कॉरिन म्हणाली.

"तू विचारलंस कुठं? तळून खाल्ला असता तर त्याला हे बघावं तरी लागलं नसतं."

टिली रडली नाही. आईकडे बघत राहिली. कॉरिननं जवळ घ्यायला हात पुढे केला तशी ती झटकून बाजूला झाली.

"तू त्याला उशिरा सोडलंस."

"बाळा, मी तर..."

"आजोबा, तो परत पकडू या. आता ठेवायचा."

माशी पडताक्षणी नर पुन्हा तुटून पडला. रिकाम्या वाळूसाठी. हार्लननं त्याला काठावर घेऊन सुरीची मूठ डोक्यावर हाणली. पहिला घाव त्यानं मुद्दाम जरा हलका घातला असं कॉरिनला वाटलं. टिलीनं पापणीही हलवली नाही.

घरी चल, सामान भरू, तुलाही नेते, कॉरिन सांगत राहिली. नेणार कुठं, ठेवणार कुणाकडे, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. टिली हार्लनच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टुलावर चढली होती. हार्लननं तिच्या हातात चमचा दिला, शेपटीकडून डोक्याकडे खवले कसे खरवडायचे ते दाखवलं.

"आजोबा, तो जिवंत असताना काढता येतात का?"

"येतात. पण हातातून निसटतो. घट्ट धरावं लागतं."

"मला येतं घट्ट धरता," टिली म्हणाली.

कॉरिननं गाडीतून पोरीची बॅग काढली, ओसरीवर ठेवली आणि एकटीच निघाली.