माश्यांची शिदोरी

चांदूर बाजारच्या स्टँडवर उतरल्या उतरल्याच प्रणालीला पहिली बाटली दिसली. पानटपरीवर, सुपारीच्या डब्याशेजारी. आत मध, बाहेर हात जोडलेल्या गजेंद्रचा फोटो, खाली 'आपलाच सेवक'.

गजेंद्र तिचा धाकटा दीर. पंचायत समितीला उभा राहणार होता. आईच्या ऑपरेशनसाठी प्रणाली अकोल्याला माहेरी गेली, तेवढ्यात त्यानं हा उद्योग केला होता.

घरी न जाता ती पिशवीसकट वावरात गेली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच्या बाभळीखाली तिच्या मधपेट्या होत्या. वरच्या मजल्यातला मध नेला असता तर ती चार शब्द बोलून गप्प बसली असती. पण खालच्या खणातली, पिल्लांलगतची पोळीसुद्धा चाकूनं कापून नेली होती. माश्यांनी थंडीसाठी राखलेलं होतं ते. रिकाम्या कोठड्यांत डोकी खुपसून माश्या मेल्या होत्या. शेवटचा थेंब चाटायला गेल्या आणि तिथंच राहिल्या. उरलेल्या मूठमूठभर, एकमेकींना चिकटून थरथरत होत्या.

"भाऊजी, खालचा मध काऊन काढला?" घरात शिरताच तिनं विचारलं.

"आपल्याच घरचा माल हाय, वयनी. लोकायले वाटला. माश्या पुन्हा भरतीन."

"कायच्यावर भरतीन? तुरीचा फुलोरा सरला. संत्र्याले फूल येईन थेट संक्रांतीनंतर. तोवर त्याहीनं तुमची पत्रकं खाव का?"

गोदाबाई, तिची सासू, गहू निवडत होत्या. "माश्यायपायी घरच्या माणसावर तोंड टाकतं का?"

"मामी, तुमच्या कोठीतली ज्वारी कोणी न विचारता गावजेवणाले देली असती, तर तुमी गप्प बसल्या असत्या?"

गोदाबाईंनी सूप उगाचच जोरात पाखडलं. नवरा, विपुल, मोबाईलमधून वर बघेना. त्याच्या त्या गप्प बसण्याचा तिला गजेंद्रपेक्षा जास्त राग आला.

मग तिनं कुणाला काही विचारलं नाही. साखरेचा पाक करून कोमट असताना पेट्यांत ठेवला, तोही दिवस कलल्यावर, नाहीतर दुसऱ्या माश्या लुटायला येतात. दारं मातीनं लिंपून एकेक माशी जाईल एवढीच फट ठेवली. रिकाम्या चौकटी काढल्या. बारदान्यात कुटार, मळणीचा भुसा, भरून पेट्यांना चहूकडून बांधलं.

दोन पेट्या मात्र इतक्या विरळ झाल्या होत्या, की एकट्यानं त्यांना ऊब धरवत नव्हती. त्या एकत्र करायच्या, म्हणजे एका राणीनं जायचं. पेटीत दोन राण्या नांदत नाहीत. दुपारच्या उन्हात तिनं दोघींना शोधलं. एक गेल्या वर्षी तिनंच जांभळीवरून धरून आणलेली. अजून धडधाकट होती, पण दुसरी तरुण होती. प्रणालीनं जुनीला चिमटीत धरलं आणि दाबलं. बोटं तिनं पदराला पुसली. पाप केलं कुणी, आणि हात कुणाचे भरले.

दोन्ही पेट्यांचे खण एकावर एक ठेवून मध्ये तिनं खिळ्यानं भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घातला. कागद कुरतडता कुरतडता दोन्हीकडच्या माश्यांना एकमेकींचा वास ओळखीचा होतो. काही दिवसांनी दारापुढं कागदाचे कपटे पडलेले दिसले. म्हणजे माश्या भांडल्या नव्हत्या.

शेजारची एक पेटी मात्र गेलीच. सगळी.

ऐन थंडीत गजेंद्र विपुलला आणि चार पोरांना घेऊन वावरात आला. "वयनी, पेटी उघडा. माश्यायसंगं फोटो पाह्यजे."

"नाई उघडत. गारठा हाय."

"दोन मिनिटाचं काम हाय." त्यानं झाकणाला हात घातला. प्रणालीनं त्याचं मनगट धरलं. पोरांसमोर, विपुलसमोर.

"फोटो काढाचाच असन, तर ह्या मेलेल्या पेटीसंगं काढा. हे तुमचं काम हाय."

गजेंद्रचं तोंड उतरलं. तो विपुलकडे बघत म्हणाला, "दादा, सांग तिले."

"ते बराबर बोलून राहिली," विपुल म्हणाला. उशीर झाला होता, पण बोलला.

संत्र्याला फूल आलं तेव्हा जोडलेली पेटी सकाळपासून घुमू लागली. गजेंद्र निवडून आला. दारात फटाके फुटले, गोदाबाईंनी ओवाळलं, गावभर पेढे वाटले. प्रणालीनं पेढा घेतला नाही.

"मत तरी देलं होतं ना त्याले?" गोदाबाईंनी भरल्या घरात विचारलं.

"नाई," ती म्हणाली, आणि वावरात निघून गेली.