आईचं उत्तर नदीपलीकडे पोचत नाही

मी एक जुना वजनकाटा आहे, तान्ह्या बाळांचा. मित्रांनो, म्हातारपणी डोकं शांत होतं म्हणे. माझं नाही झालं. माझं डोकं तापलेलं आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

एका थंड शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. पितळी दांडी, तिच्यावर सरकणारं वजन आणि वर पांढरं तसराळं. दोन राज्यांच्या मधून वाहणाऱ्या मरे नावाच्या नदीच्या उत्तर काठावरच्या वॉरिंगल गावी, माता-बाल केंद्रात, मी कामाला लागलो. मोटारीच्या डिकीत बसून मेंढ्यांच्या कुरणांवरच्या घरोघरी हिंडलो. धूळ खाल्ली, आणि किती बाळांनी माझ्यावर शू केली म्हणून सांगू! त्याचा मला कधी राग आला नाही.

माझ्यावरचा आकडा नर्स ब्रॉनविन लिहून घेई. तो राज्याच्या कचेरीत जाई, तिथून देशाच्या राजधानीत. सगळ्या देशातल्या बाळांची वजनं एकाच मापात एकत्र होत. कुठे बाळं किरकोळ अंगाची जन्मतात, कुठे मदत धाडायची, हे त्यावरून कळे. माझी छाती अभिमानाने फुगायची.

पुढे आयांनाही प्रश्न विचारायची पद्धत आली. झोप लागते का, उगाच भीती वाटते का, जीव नकोसा होतो का? फार चांगली पद्धत. पण तिच्या नोंदीचा सगळा आनंदी आनंद! आमच्या काठावर आईचं उत्तर नीट लिहीत. दक्षिण काठावर दुसरं राज्य, तिथून पुढे नुसतं एवढंच धाडत: 'विचारलं, हो.' उत्तर काय आलं, ते तिथल्याच कपाटात. चहा निवायच्या आत माणूस मोटारीने पूल ओलांडतो, पण आईचं उत्तर काही ओलांडत नसे.

टीगन त्या काठावरची. पोटुशी असताना तिने तिथे सगळं खरं सांगितलं होतं. मग बाळंतपणाला ती आमच्या काठावर, सासूच्या घरी आली. ब्रॉनविनने पलीकडच्या राज्याच्या कचेरीत फोन केला.

“विचारलंय, हो, असं दिसतंय बघा,” पलीकडचा कारकून म्हणाला. “उत्तर? ते नाही येत आमच्याकडे.”

म्हणून बाळ झाल्यावर ब्रॉनविनने स्वतःच टीगनला विचारलं. पण शेजारी सासू, नोरीन, ठाण मांडून बसलेली.

“मी बरी आहे,” टीगन म्हणाली.

“बरी कसली? उठता-बसता टिपं गाळते!” नोरीन म्हणाली. “अगं, पोरगी बघ कशी गुटगुटीत आहे. तुला काय धाड भरलीय रडायला?”

खरंच, पोरीचं वजन झकास भरलं होतं. माझा आकडा बघून सगळे खूश झाले, निश्चिंत झाले. मेलं ते वजन! त्याच्या आड आई दिसेनाशी झाली.

पुढच्या खेपेला टीगन एकटीच आली. तिने बाळाला माझ्यावर ठेवलं. वजन झालं, तरी तिने बाळाला उचललं नाही. ती दाराकडे मागे मागे सरकत गेली.

“हिला तुम्हीच ठेवा,” ती म्हणाली. “माझ्याजवळ हिचं काही खरं नाही. आणि माझंही.”

ब्रॉनविनने एक हात बाळावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने टीगनची बाही धरली. “बस इथे. कुठेही जायचं नाही. काय होतंय राणी, मला सांग.”

“पुन्हा?” टीगन किंचाळली. “सांगितलं होतं की मी! पलीकडच्या बाईंना सगळं सांगितलं होतं, केवढा धीर करून. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.”

टीगन वाचली. ब्रॉनविनने तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलावलं. माय-लेकी मोठ्या शहरातल्या इस्पितळात एकत्र राहिल्या, आणि टीगन हळूहळू सावरली. पण का वाचली? त्या दिवशी सासू बरोबर नव्हती म्हणून! आयांचे जीव असे नशिबावर सोडायचे का हो?

त्यानंतर वरून विचारणा आली. देशभरातल्या आयांच्या तपासणीची माहिती एकत्र करायची आहे. तूर्तास नुसतं 'विचारलं की नाही' एवढंच घेतलं तर चालेल का? ब्रॉनविनने ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या महिन्यात तिने प्रत्येक बाळाच्या नावापुढे एकच मजकूर लिहून धाडला: 'वजन केलं, हो.'

लगेच कचेरीतून फोन खणखणला. “बाई, वजनं कुठायत?”

“लिहिलंय ना. केलं म्हणून.”

“अहो, पण भरलं किती?”

“ते आमच्या कपाटात आहे.”

“थट्टा करता का? असल्या माहितीचं आम्ही काय लोणचं घालू?”

“हेच!” ब्रॉनविन कडाडली. “हेच तुमच्या साहेबांना जाऊन सांगा!”

शाब्बास म्हणाले असतील तिला? छे! तिला समज देण्यात आली आणि सगळी वजनं पुन्हा भरून घेतली. आयांच्या उत्तरांचं काय करायचं, यावर एक समिती नेमली आहे. ती अजून विचार करते आहे.

माझ्या जागी आता विजेवरचा काटा आला, आणि मी कपाटावर जाऊन बसलो. मला पुसलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. माझी दांडी गंजली तरी मी तक्रार करणार नाही. पण एखाद्या आईने धीर करून मनातलं सांगितलं, तर ते जिथे पोचायला हवं तिथे तुम्ही पोचवा. तिला दुसऱ्यांदा सांगायला लावू नका. दुसऱ्यांदा सांगायला ती असेलच, असं नाही.