तेविसावं पोट

रान्वाने तेविसाव्या माणसाचं पोट पडद्यावर उघडलं आणि कॉफीचा कप तोंडाला न लावताच खाली ठेवला.

लहान आतड्याचा शेवटचा वीतभर भाग सुजेने पांढराशुभ्र झाला होता. भिंत जाड, आतली वाट सुतळीएवढी. आतडं थिजवणारं इंजेक्शन दिल्यामुळे बाकी सगळं निपचित होतं. तरी तिला उगाचच वाटलं, आतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. तिने खुर्ची थोडी मागे घेतली.

"क्रोन. आतड्याचा जुनाट रोग, पक्का," ती म्हणाली. "कधीपासून आत बसलाय, कोण जाणे. हा आजाऱ्यांतला."

मागे हेदिन हेडफोन पुसत होता. एमआरआय काढायचा तोच. यंत्रात पालथं झोपलेल्यांच्या कानात "श्वास रोख… सोड" म्हणणारा आवाजही त्याचाच. एरवी त्याच्या जिभेला हाड नसे, आज मात्र तो गप्प होता.

नुसत्या चित्रावरून आजारी ओळखायच्या या अभ्यासाचे नियम रान्वाचेच. वीस आजारी, दहा धडधाकट, तेही इस्पितळातलेच लोक. नावं झाकलेली, क्रम विस्कटलेला. टोर्शहाव्हनसारख्या बेटावरच्या गावात नाव झाकून काय झाकतंय म्हणा! सगळं गाव एकमेकांच्या नात्यातलं आणि हा रोग इथे घरोघरी. रान्वाच्या वडिलांना होता. धाकट्या भावाला तर त्याने नेलंच. "मला तेवढा विसरला मेला," असं ती चारचौघांत हसून सांगायची.

"पुन्हा एकदा बघ ना," हेदिन म्हणाला.

"बघितलं की. हे बघ, सातव्या फेरीत चित्र फिसकटलंय. ऐन श्वास रोखायच्या वेळी हसलं असणार गाढव."

हेदिनचा हात थांबला.

रान्वाचाही थांबला. मार्चमध्ये दहावा धडधाकट माणूस आयत्या वेळी गळाला, तेव्हा आतडं फुगवणारं दीड लिटर गोडमिट्ट पाणी पिऊन तीच यंत्रात शिरली होती. "माझं आतडं मला ओळखू येईल, ते मी बाजूला ठेवीन," असं तिने ठणकावून सांगितलं होतं. आणि तिने श्वास रोखलेला असतानाच हेडफोनमधून हेदिन म्हणाला होता, "डॉक्टरीणबाई, आत मेंढी दिसतेय. अख्खी गिळलीस काय?"

"ती कितवी फेरी होती रे?"

हेदिनने हेडफोन खाली ठेवले.

"नंबर तूच घातलेस. तुला ठाऊक होतं."

"मला सांगायची बंदी तूच घातली होतीस." त्याचा आवाज चिरकला. "मी काय डॉक्टर आहे? सकाळपासून देवाला म्हणत होतो, हिच्या हातून हे पोट धडधाकटांत लिहिलं जाऊ दे."

रान्वाने पोटाच्या उजव्या कोपऱ्यात तळवा दाबला. तिथे दुखलं की दरवेळी ती वाळवलेल्या मटणाला बोल लावायची. पडद्यावरचा पांढरा भाग बरोबर तिथेच होता. बंदरावर धुकं उतरलं होतं, खिडकीत काहीच दिसत नव्हतं. ती हलली नाही.

"रान्वा," हेदिन म्हणाला, हळू, यंत्रातल्या त्याच आवाजात. "सोड आता. श्वास सोड."