गळ्याचं माप

ताईच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली. ती काढून ताई घरी आली, आणि डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, हा दोष घराण्यातून येतो, तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तुमच्यात असला तर मुलीत असण्याचीही निम्मी. तपासणीला रक्त द्या. याला दोन महिने झाले, आणि मी अजून रक्त दिलं नव्हतं.

रेट नावाचा जीन. पेशीच्या दारावरचा राखणदार म्हणे. बाहेरून निरोप आला की आत 'वाढा' म्हणून सांगायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या घरचा राखणदार निरोपाची वाटच बघत नाही, ओरडत सुटतो. हे कळल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. एका शर्टाला तर मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. गिऱ्हाईक हसलं, मला मात्र रडू यायचंच बाकी होतं.

शिंपी माणूस, दुसरं काय करणार? दुकान उघडलं की आरशासमोर टेप गळ्याला. पावणेपंधरा. दुपारी पुन्हा. पावणेपंधरा. बरं वाटायचं, जेमतेम चहा संपेपर्यंत. नऊ वर्षांच्या भिंगरीचा गळाही मी खेळता खेळता मोजून घ्यायचो. "बाबा, मी काय रोज वाढते का?" ती वैतागायची. बायकोला मी थाप मारली होती, रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय.

एक दिवस ताईच दुकानात आली. आवाज अजून बसलेला.

"रक्त दिलंस?"

"कामाची गर्दी आहे गं. आणि मी रोज माप घेतोय. वाढलेलं नाही."

तिने फळीवरची मापाची वही ओढली आणि स्वतःचं पान काढलं. ताई टपाल वाटायची, तिच्या गणवेशाचे शर्ट दरवर्षी मीच शिवायचो. कॉलर तेरा. पुढच्या वर्षी साडेतेरा. मग चौदा.

"मुकाट्याने सैल करत गेलास. एकदा तरी विचारलंस, 'ताई, नुसता गळाच कसा वाढतोय?'"

"तूही काही बोलली नाहीस."

"मला वाटलं, तू माप घेतोयस, म्हणजे सगळं ठीक असणार."

मी दुकान तसंच टाकून रक्त द्यायला गेलो.

रिपोर्ट आला. दोष माझ्यात होता. भिंगरीचं रक्त द्यायला आम्ही तिघं गेलो. थाप उघडी पडली होती, त्यामुळे बायको भिंगरीचा हात धरून वाटभर चार पावलं पुढेच चालली.

"लहानपणीच ग्रंथी काढली तर कॅन्सर टळतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून मुलांच्या बाबतीत आम्ही घाई करतो. मी तुम्हाला केव्हा सांगितलं होतं?"

मी बोटांवर दिवस मोजू लागलो.

"तीन महिने होत आले," बायको म्हणाली.

भिंगरीने हात पुढे केला. नर्स शीर शोधू लागली. इतके दिवस मी समजत होतो की मी माझं मरण पुढे ढकलतोय. खर्च मात्र हिचे दिवस करत होतो.