घोडीवर कोण होतं

मायाक्का मंद्रूपहून निघाली तेव्हा सुनेनं विचारलं, एवढ्या उन्हात काय नडलंय. भावाला भेटायला चाललेय, एवढंच मायाक्कानं सांगितलं. खरं कारण सांगायचं तर गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली असती, आणि ती सांगून सांगून म्हातारी थकली होती. ऐकणारं कोण होतं?

गोष्ट तशी लहानशीच. तिच्या बापाची मेंढरं होती आणि बिऱ्हाड वाहायला एक घोडी. मेंढक्यांच्या घरात मेंढरं पुरुषांकडं आणि घोडी बायकांकडं. बिऱ्हाड लादायचं, उतरवायचं, लगाम धरून चालायचं, सगळं बायकांनी. आई गेल्यावर घोडी मायाक्काकडं आली. एका जत्रेत घोड्यांची शर्यत लागली, आणि चौदा वर्षांच्या मायाक्कानं ती बिऱ्हाडाची घोडी पळवून पहिली आणली. सगळ्या गावानं पाहिलं. लपवाछपवी काही नव्हती.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका मास्तरांनी तिच्याच ओसरीवर बसून ही हकिकत ऐकली आणि कादंबरी लिहिली. कादंबरीत घोडी तीच, जत्रा तीच, घोडीवर मात्र हरिबा. मायाक्काचा हा धाकटा भाऊ शर्यतीच्या वेळी होता सहा वर्षांचा. पण मास्तरांनी पाहिला तो मिशीवाला, रुबाबदार गडी. पोरगी शर्यत जिंकते म्हटलं तर पुस्तक कोण वाचणार, असं ते म्हणाले.

पुस्तक वाचलं गेलं, त्याच्यावर सिनेमा निघाला. सिनेमात भाऊ शर्यत जिंकतो आणि बहीण बांधावर उभी राहून पदरानं डोळे पुसते. तंबूत तो सिनेमा पाहून आलेलं गाव हरिबाला घोडेस्वार म्हणायला लागलं. ज्यांनी शर्यत डोळ्यांनी पाहिली होती त्यांनाही पडद्यावरचंच आठवायला लागलं. मग टीव्हीवर मालिका आली आणि उरलीसुरली शंकाही मिटली. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. इथं तर ससाही दुसऱ्यानंच हाती दिला होता. हरिबाचं वय कोणी मोजलंच नाही.

त्याचे शाळांमधून सत्कार झाले, शाली मिळाल्या. मायाक्का आधी भांडली, मग टोमणे मारले, मग गप्प बसली. आईमागं जो पोर काखेत वागवला, त्याच्या अंगावरची शाल ओढायची कशी?

सिनेमा झाला, टीव्ही झाला, आता त्याच कादंबरीवर पुन्हा एक मालिका निघणार होती, मोबाइलवर बघायची. आणि नातीनं बातमी आणली की यंदा घोडीवर पोरगी बसणार आहे. त्या दिवसापासून मायाक्काला घास गोड लागेना. शर्यत पाहिलेली माणसं सगळी गेली होती, उरला होता एकटा हरिबा. त्यानं त्या मालिकेवाल्यांसमोर एकदा म्हणावं, आक्का होती. मरायच्या आधी तिला तेवढंच हवं होतं.

हरिबा जुळे सोलापुरात मुलाच्या, शिवराजच्या, फ्लॅटवर राहायचा. मायाक्का धापा टाकत पोचली तेव्हा मालिकेची दिग्दर्शिका सोनाली आधीच येऊन बसली होती. पोरगी गुणाची होती. उठून म्हातारीच्या पाया पडली, पाणी आणून दिलं. घोडीवर मुलगी बसवायची कल्पना आपली स्वतःची, निर्माते तयारच नव्हते, त्यांना पटवता पटवता नाकी नऊ आले, असं ती उत्साहानं सांगत होती. हरिबा हसून म्हणाला की दाखवा तुम्हाला हवं ते, सिनेमा काय, खरं थोडाच असतो.

मायाक्कानं पाण्याचा पेला खाली ठेवला. तरी ती थांबली.

मग सोनालीनं हरिबाला एक गोष्ट विचारली. बिऱ्हाडाची घोडी मोकळ्या पाठीनं पळत नाही, असं तिला घोडेवाल्यांनी सांगितलं होतं. पाठ मोकळी झाली म्हणजे मुक्काम आला, एवढंच त्या जनावराला कळतं; ते खाली मान घालून चरायला लागतं. कादंबरीत याबद्दल अक्षर नाही. मग तुम्ही तिला पळवलीत कशी?

हरिबानं पंख्याकडं पाहिलं, मग शिवराजच्या फोटोकडं. आता म्हणेल, मायाक्काला वाटलं, आता तरी म्हणेल. हरिबा म्हणाला की वय झालं, आज थकलोय, उद्या सांगतो.

"मी हुते घोडीवर," मायाक्का म्हणाली. "ह्यो न्हाय. मी."

सोनालीचे डोळे भरून आले. तिनं म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले. ज्या बाईला ही गोष्ट सांगावी तिला असंच वाटतं, ती म्हणाली, आणि म्हणूनच आपला बदल बरोबर आहे. हे वाक्य जाहिरातीत घेऊ का, असंही तिनं विचारलं. हरिबा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मायाक्कानं हात सोडवून घेतले. तिला एकाएकी फार दमल्यासारखं झालं, सगळा जन्म उन्हात चालल्यासारखं.

ती उठली. पोचवायला म्हणून हरिबा लिफ्टपर्यंत आला, दार ओढून घेतलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, उद्या ती क्यामेरा घिऊन यील. पुन्यांदा तेच इचारंल. घोडीच्या पाटीवर काय हुतं गं?"

म्हणजे हा विसरला नव्हता, याला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं. मायाक्काला इतका संताप आला की भिंतीला हात लावून उभं राहावं लागलं. पण समोर उभा असलेला म्हातारा, बनियनमधला, घाबरलेला, तिचाच होता. भांडायला लागतं तेवढं बळ तिच्यात आता उरलं नव्हतं.

"एका अंगाला दळायचं जातं हुतं," ती म्हणाली. "आन दुसऱ्या अंगाला तू. ताप चढला हुता तुला. खाली कुनाजवळ ठिवणार? पोत्यात बसवून जात्याच्या वजनाला बांदला हुता."

हळूहळू हरिबाचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखा तो मोकळा हसला.

"म्हंजे मी हुतोच की गं घोडीवर," तो म्हणाला.

"हुतास की," मायाक्का म्हणाली, आणि लिफ्टमध्ये शिरली.