कूलरच्या पैशातला लॅपटॉप

मी एक जुना गेमिंग लॅपटॉप आहे. वयाने म्हणाल तर फार जुना नाही, पण बंद पडलेल्या यंत्राला लोक जुनंच म्हणतात. सावद्याला शालिग्रामआबांच्या घरी, पुढच्या खोलीतल्या फडताळात, पाखडायच्या सुपाशेजारी माझा मुक्काम असतो. सुपाला अजून काम आहे, मला नाही. मित्रांनो, यंत्राचा जीव जातो, पण कान शाबूत राहतात. म्हणून ही हकिगत सांगता येते आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. मला खरी शुद्ध आली ती जळगावच्या एका दुकानात, काचेच्या फळीवर. मी दाखवायचा पीस होतो. दिवसभर पडद्यावर गाड्यांची शर्यत पळवायची, कळांखालचे लाल-निळे दिवे लुकलुकवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर ओढून घ्यायची, एवढंच माझं काम. कॉलेजची पोरं कळा बडवून जायची आणि "भारी आहे रे" म्हणायची. मी फुगून जायचो. माझ्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड तगडं होतं, यात वाद नाही. पण अंग बारीक राहावं म्हणून पंखे दिले होते चिमणीएवढे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुकानात एसी होता, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

शेजारच्या फळीवर त्याच किमतीचा एक जाडजूड, काळाकभिन्न लॅपटॉप होता. मी मनात त्याला म्हैस म्हणत असे. त्याचं कार्ड माझ्याहून हलकं, पण पंखे दणकट. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे.

उन्हाळा तोंडावर आला होता, तेव्हा शालिग्रामआबा आणि त्यांची मुलगी ऋतिका दुकानात आली. आबा सावद्याच्या केळी पिकवायच्या चेंबरवर देखरेख करत. धुतलेली टोपी घालून ते दारातच उभे राहिले, पायातली चप्पल काढावी की नाही या विचारात. ऋतिका थेट माझ्यापाशी आली.

"गेम खेळायला हवाय का, ताई?" विक्रेत्या भूषणने विचारलं.

"खेळायला नाही, बनवायला."

पुण्यातल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीची पहिली परीक्षा ती पास झाली होती. दुसऱ्या फेरीसाठी एक छोटा गेम स्वतः बनवून पाठवायचा होता. तो आवडला तर नोकरी. घरी ठरलं होतं, की एकदाच प्रयत्न करायचा, जमलं तर पुणं, नाही तर इथेच मिळेल ते काम. बजेट आखडतं होतं. नवा आणि सगळ्या बाजूंनी चांगला लॅपटॉप त्यात बसत नव्हता. दाखवायचा पीस म्हणून मी स्वस्तात होतो, आणि म्हैस तर होतीच.

भूषण इमानी माणूस होता. तो म्हणाला, "ताई, काम हा जास्त झरझर करेल. पण आपल्याकडचा मे महिना माहीत आहे ना? याला खालून वारा देणारा स्टँड घ्या. आणि एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, काम रोजच्या रोज त्यात ठेवायला. नाही तर तो जाडा बरा."

ऋतिकाने आबांकडे पाहिलं. आबांनी म्हशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुले कोणता पाहिजे, पोरी?"

"हाच. बाकीचं पुढच्या महिन्यात घेऊ."

पुढचा महिना आला, तसा गेलाही. स्टँड आला नाही, डिस्कही आली नाही.

घरी ऋतिकाच्या आईने, सुनंदाबाईंनी, माझ्या झाकणावर हळद-कुंकू लावलं. त्याचा डाग अजून आहे. खिडकीखाली एक कोपरा त्यांनी झाडून मोकळा ठेवलेला दिसत होता. तिथे यंदा कूलर यायचा होता. कूलरसाठी बाजूला ठेवलेले पैसे माझ्यात गेले. शेजारीण विचारायला आली तेव्हा सुनंदाबाई हसून म्हणाल्या, "पोरीचं काम होऊ दे. आपण काय, पंख्याखाली झोपू." म्हणजे मी ज्या गारव्याला पुढे तरसणार होतो, तो मीच घराबाहेर ठेवून आलो होतो. आता हे उमगून काय उपयोग?

काम मात्र ऋतिकाने जीव ओतून केलं. तिने माझ्यात केळीची बाग उभी केली. पानांच्या फाटक्या कडा, बुंध्यावरचे डाग, पाटातून सरकणारं पाणी. त्या बागेतून एक टोपीवाला माणूस चालायचा. डावा पाय किंचित ओढत, मधूनच थांबून, घडाखाली हात धरून वर बघत. ती चाल जमावी म्हणून ऋतिका खिडकीतून अंगणात बघायची, मग पडद्यावर बघायची, पुन्हा अंगणात. अंगणात आबा असायचे.

आबांना मोठी उत्सुकता. जेवून उठले की ते हळूच तिच्या मागे येऊन उभे राहत. चाहूल लागताच ती माझं झाकण खाली करी.

"काय करून राह्यली, दाखव तरी."

"झाल्यावर दाखवते, आबा. अर्धं नही पाहायचं."

ते हसून मागे सरत. मला वाटे, दाखव ना बाई. पण लॅपटॉपचं कोण ऐकतं?

मे उजाडला आणि माझी सोंगं उघडी पडली. पत्र्याचं घर, बाहेर झळा, दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. माझे पंखे किंचाळू लागले. काम ऐन रंगात आलं की मी गपकन बंद पडायचो. ऋतिका ओलं फडकं पिळून खाली ठेवायची, पुठ्ठ्याने वारा घालायची, रडकुंडीला यायची. एकदा आबांनी विचारलं, "याले व्हते तरी काय?"

"तापतो, आबा. तुम्हाले नही समजणार त्यातलं."

ती वैतागली होती, मनात काही नव्हतं. 'तापतो' एवढा एक शब्द घेऊन आबा कामावर गेले. आणि तापलेल्या मालाचं काय करायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचं सारं आयुष्य त्यातच गेलं होतं.

काम पाठवायच्या शेवटच्या दिवशी गेम पुरा झाला. आता सगळे तुकडे एकत्र बांधून एकच फाईल करायची होती. ते काम माझं, आणि ते वेळखाऊ असतं. संध्याकाळच्या आत पाठवलं की झालं. रात्र-रात्र जागलेली ऋतिका भिंतीला टेकली आणि तिथेच तिला झोप लागली. माझे पंखे ओरडत होते. जेवायला आलेल्या आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लेकराचा ताप बघतात, तसा.

त्यांनी वायर काढली आणि मला उचललं.

"अहो, तिला विचारा तरी," सुनंदाबाई म्हणाल्या.

"झोपू दे तिले. उठायच्या आत आणतो. अगं, केयासारखी नाजूक चीज चेंबरात राह्यते, हा तर लोखंडाचा हाये. याले काय व्हईन?"

चेंबरचं जाड दार उघडलं. आत हिरव्या केळ्यांच्या क्रेट रचलेल्या होत्या. केळीची साल सुकू नये म्हणून तिथली हवा गार तशीच दमट ठेवतात. आबांनी मला आपल्या स्वच्छ उपरण्यात गुंडाळलं आणि सगळ्यात थंड जागा शोधून काढली. ती जागा हवा गार करणाऱ्या यंत्राच्या बरोब्बर खाली होती.

खरं सांगू, मित्रांनो? मला फार बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी तगमग ओळखली होती. पंखे शांत झाले. झाकणाखाली बागेतला तो माणूस बांधून होत आला होता. मग वरून एक थेंब पडला. उपरण्याने तो प्यायला आणि मला दिला. मागून दुसरा आला. पुढचं मला सांगता येत नाही.

आबांनी मला पुसून, जपून घरी आणलं. ऋतिका घाबरीघुबरी दारातच उभी होती. तिने झाकण उघडलं, कळ दाबली, पुन्हा दाबली. मग तिने मला नाकाशी धरलं. माझ्या अंगाला पिकायला लागलेल्या केळ्यांचा वास येत होता.

"कुठं ठेवला होता, आबा?"

"सगळ्यात गार जागी," आबा म्हणाले, आणि मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "काय झालं, पोरी?"

जळगावात दोन दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. धुळ्याला झुलालभाऊ म्हणून जुना कारागीर आहे, तो मेलेल्यालाही उठवतो असं कुणी सांगितलं. ऋतिका मला मांडीवर घेऊन बसने धुळ्याला गेली. झुलालभाऊंनी मला उघडलं आणि भिंग खाली ठेवलं. "आठे पानी शे, ताई. बठ्ठं जयी गयं. काहीच नई ऱ्हायनं." पाण्याने आतलं सगळं जळून गेलं होतं, तिचं कामही.

कंपनीचं उत्तर सभ्य होतं. बाकीच्यांनी वेळेत पाठवलं आहे, पुढच्या वेळी जरूर प्रयत्न करा. ऋतिका आता केळीच्या गाड्या भरतात तिथल्या ऑफिसात पावत्या करते. आबांना तिने सांगितलं, "तो आधीच मरायले टेकला होता. दुकानदाराने फसवलं आपल्याले. तुमचा काही दोष नही." बिचारा भूषण! पण या खोट्याबद्दल मी तिला कधी नावं ठेवली नाहीत. आबांना ते पटलं की नाही, देव जाणे. चेंबरवरून आले की ते फडताळ उघडून मला पुसतात. खंडेनवमीला विळा, कुदळ आणि वजनकाट्याशेजारी त्यांनी मलाही मांडलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "पोरी, त्यात तू बनवलं काय व्हतं गं?"

ऋतिका फुलं निवडत होती. "काही नही, आबा. एक बाग होती."

"आपल्यासारखी?"

"हो."

"आणि बागेत कोणी माणूस?"

तिने मान वर केली नाही. "नही," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या भाऊबंदांपैकी कुणाला घरी नेणार असाल, तर लुकलुकत्या दिव्यांवर भाळू नका. आमचे पंखे बघा, कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवा, पाण्यापासून आम्हाला जपा. हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. तुम्ही काय करता आहात हे घरातलं कुणी मागे उभं राहून विचारील, तेव्हा झाकण खाली करू नका. समजणार नाही, असं म्हणू नका. अर्धं असेल तर अर्धं दाखवा. आबांनी एकदा जरी पाहिलं असतं, की या यंत्रात आपण स्वतः बागेतून चालतो आहोत, तर हा नुसता लोखंडाचा नाही हे त्यांना कळलं असतं, आणि मला उचलण्याआधी त्यांनी तिला नक्की उठवलं असतं.